कोयत्यामागे पुस्तकांची पेटी

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्यातल्या गावांत ऊसतोडीला निघण्याची लगबग सुरू होते. मुकादमाकडून उचल घेतलेल्या जोडप्यांना जावेच लागते. या जिल्ह्यातून दरवर्षी लाखो मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. घरी सांभाळायला आजी-आजोबा नसतील, तर पोरंही फडावर. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये गाळप संपेपर्यंत, त्यांचा मुक्काम कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत असतो.

या मुलांच्या घरी पाठ्यपुस्तकापलीकडे छापील पान क्वचितच दिसते. वाचन मात्र सरावानेच पक्के होते. सहा महिने गोष्टीचे पुस्तक हाती पडले नाही, तर तिसरीत आलेले वाचन चौथीत पुन्हा अडखळते. पुस्तके विकत घेणे ज्यांच्या आवाक्याबाहेर आहे, त्यांच्यासाठी सार्वजनिक ग्रंथालय हाच मार्ग उरतो.

महाराष्ट्रात ग्रंथालयांचा कायदा 1967 पासून आहे. राज्यातली बहुतेक सार्वजनिक ग्रंथालये स्थानिक संस्था चालवतात आणि ‘अ’ ते ‘ड’ या वर्गानुसार शासन त्यांना अनुदान देते. 2022 मध्ये हे अनुदान 60 टक्क्यांनी वाढले. त्या वाढीनंतरही गावातल्या ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाच्या वाट्याला वर्षाकाठी 48 हजार रुपयेच आले. ग्रंथपालाचे मानधन, वर्तमानपत्रे आणि वीजबिल भागवून बालपुस्तकांना काय उरणार? त्यात पुस्तक घरी न्यायचे तर अनामत आणि वर्गणी. सार्वजनिक ग्रंथालय तत्त्वतः मोफत असावे, असे युनेस्कोचा जाहीरनामा सांगतो; मजुराच्या मुलाला मात्र ही छोटी रक्कमच दारात अडवते.

दुसरी अडचण अंतराची. ग्रंथालय गावात आणि वाचक फडावर, असे असेल तर पुस्तकानेच निघाले पाहिजे. ही कल्पना जुनीच आहे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला आपल्या संस्थानात बोलावले. तिथे मुलांसाठी स्वतंत्र विभाग झाला आणि लाकडी पेट्यांतून गावोगाव पुस्तके फिरू लागली. नाशिकच्या विनायक रानडे यांनी 2009 मध्ये कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केले, तेही पेटीच्याच आधारावर. एका गटाची पेटी वाचून झाली की दुसऱ्याशी बदलायची. इमारत लागत नाही.

मूल गावातच राहिले, तर काम आणखी सोपे होते. शिरूर कासार तालुक्यात आर्वी येथे दीपक आणि कावेरी नागरगोजे यांचे ‘शांतिवन’ ऊसतोड मजुरांच्या मुलांना निवारा आणि शिक्षण देते. आईवडील फडावर असताना मुलांची शाळा सुटू नये, म्हणून गावोगावी हंगामी वसतिगृहेही चालतात. 2021 मध्ये शासनाने 41 तालुक्यांत 82 वसतिगृहांची संत भगवानबाबा योजना आणली. जिथे मुले एकत्र राहतात, तिथे संध्याकाळी तासभर वाचायला पेटीभर पुस्तके आणि ती देणारा एक माणूस पुरतो.

जी मुले जातातच, त्यांना शाळा शिक्षण हमी कार्ड देते. ते दाखवून नव्या गावच्या शाळेत बसता येते. हेच कार्ड ग्रंथालयांनी अनामतीऐवजी ग्राह्य धरावे. तालुक्यातल्या ग्रंथालयांनी गाळप हंगामाआधी वसतिगृहांना आणि फडाजवळच्या शाळांना पेट्या पोचवाव्यात, आणि कारखान्यांनी त्यांचा वाहतूक खर्च उचलावा. ऊस वाहणाऱ्या कारखान्याला पुस्तकांची पेटी जड नाही.