कोल्हापूरच्या हवेत कॉन्टेसा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एखाद्या गॅरेजसमोर जुनी कॉन्टेसा उभी राहिली की सल्लागार आपोआप जमतात. पहिला सल्ला ठरलेला असतो : "एअर फिल्टरचा मूळचा डबा काढून ओपन फिल्टर घाला, मग बघा कशी पळत्या!" ओतकाम, पिस्टन आणि ऑइल इंजिनांवर वाढलेल्या या गावात इंजिनाबद्दल मत नसलेला माणूस मिळणं कठीणच. तरीही रोज वापरायच्या गाडीसाठी हा सल्ला बहुतेक वेळा महागात पडतो.

हिंदुस्थान मोटर्सने 1984 मध्ये कॉन्टेसा बाजारात आणली. बांधणी ब्रिटिश व्हॉक्सहॉल व्हिक्टरवर आधारलेली, बॉनेट लांबलचक आणि ताकद मागच्या चाकांना. देशी मसल कार हे बिरुद तिला चिकटलं ते या रूपामुळे. पोटात मात्र सुरुवातीला ॲम्बेसेडरच्या घराण्यातलं दीड लिटरचं इंजिन होतं, म्हणजे पैलवानाचा नुसता फेटाच. पुढे इसुझूचं 1.8 लिटरचं इंजिन आलं तेव्हा गाडीत खरा जीव आला. 2002 मध्ये उत्पादन थांबलं.

या इंजिनाला टर्बो नाही. पिस्टन खाली जातो, सिलिंडरमध्ये पोकळी तयार होते आणि बाहेरची हवा स्वतःच्या दाबाने आत शिरते. 1.8 लिटरचं इंजिन 5000 फेऱ्यांवर मिनिटाला चार हजार लिटरच्या आसपास हवा ओढतं. त्या हवेचं वजन जितकं जास्त तितकं पेट्रोल जाळता येतं, आणि तितकीच ताकद मिळते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथली हवा किनाऱ्यापेक्षा पाच-सहा टक्के विरळ असते. तीच गाडी गगनबावड्याहून करूळ घाट उतरून कोकणात नेली की तापमान सारखं असेल तर तेवढी हवा फुकट मिळते. बाजारातला कुठलाही फिल्टर याची बरोबरी करेल असं मला वाटत नाही.

आता ओपन फिल्टर बसवल्यावर काय होतं ते पाहू. दाभोळकर कॉर्नर किंवा कावळा नाक्यावरच्या गर्दीत मे महिन्यात गाडी अडकली की बॉनेटखालची हवा सहज 60 अंशांवर जाते. बाहेर 35 अंश असतील तर ही आतली हवा सात टक्क्यांहून अधिक हलकी असते. फिल्टर तीच हवा ओढणार. आवाज मात्र झकास येतो, कारण मूळ डब्याचं एक काम आवाज दाबण्याचंही असतं. गाडीवाला त्या आवाजालाच पिकअप समजतो.

मूळचा फिल्टर खरंच अडवतो का, हे तपासायला गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी पुरते. नळी 'यू'च्या आकारात उभी बांधायची, अर्धी पाण्याने भरायची, एक टोक फिल्टरनंतरच्या पाइपला जोडायचं आणि दुसरं उघडं ठेवायचं. नळी भरपूर उंच हवी, नाहीतर पाणी इंजिनात जाईल. मोकळ्या रस्त्यावर पूर्ण ॲक्सिलरेटरला दोन्ही बाजूंच्या पाण्यात दहा सेंटिमीटरचा फरक पडला, तर फिल्टर वातावरणाच्या दाबाचा जेमतेम एक टक्का खातो आहे. सगळा अडथळा नाहीसा केला तरी तेवढाच फायदा. फरक तीस सेंटिमीटर निघाला तर आधी फिल्टर नवा टाका. शिरोलीतल्या ओतकामाची धूळ आणि गाळप हंगामातली साखर कारखान्यांच्या धुराड्यांची राख पाहता इथे कागदी फिल्टरच बरा. तेल लावलेला कापडी फिल्टर धुऊन पुन्हा वापरता येतो, पण तेल जास्त झालं तर आधुनिक गाडीत हवा मोजणारी नाजूक तार माखते.

बदल करायचाच असेल तर डबा तसाच ठेवून त्याचं तोंड एका पाइपने जाळीच्या मागे, थंड हवेत न्यावं. पण बंपरखाली कधीच नको. 2019 आणि 2021 च्या महापुरात पंचगंगेने शिरोलीजवळ महामार्गच बंद केला होता. खाली नेलेला पाइप असं पाणी ओढतो, आणि पाणी दाबलं जात नाही. 450 घन सेंटिमीटरच्या सिलिंडरमध्ये, दाबाचं प्रमाण 9 धरलं, तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा सुमारे 56 घन सेंटिमीटर. त्याहून जास्त पाणी आत गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो.

माझ्या मते पैसे खर्च करण्याची खरी जागा हवा-पेट्रोलचं मिश्रण आणि टायमिंग ही आहे, आणि इथे ऊस मध्ये येतो. जिल्ह्यातले साखर कारखाने इथेनॉल बनवतात आणि आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये ते 20 टक्क्यांपर्यंत असतं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळायला 14.7 भाग हवा लागते, 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला साधारण 13.5. आजच्या फोर्ड मस्टँगसारख्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर आणि संगणक मिळून हा फरक सांभाळतात. कार्बोरेटरला त्यातलं काही कळत नाही. जुन्याच जेटवर, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या छिद्रावर, मिश्रण आठ-नऊ टक्के पातळ होतं, गाडी थंडीत अडखळते, चढावर हिसके देते. गंमत म्हणजे विरळ हवेत कार्बोरेटर मिश्रण अडीच-तीन टक्के घट्ट करतो, म्हणून कोल्हापुरात हे दुखणं मुंबईपेक्षा थोडं सौम्य. तरीही मेन जेट एक-दोन पायऱ्या मोठा लागतोच, आणि पेट्रोल ओढणाऱ्या एसी पंपाचा पडदा व पेट्रोलच्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घालाव्या लागतात. प्लगचं टोक पांढरं दिसलं तर मिश्रण पातळ, काजळी धरली तर घट्ट, फिकट तपकिरी असलं तर हात लावू नका.

मोठा कार्बोरेटर बसवायचा मोह मात्र आवरावा. रंकाळा तलावाभोवती फिरताना इंजिन दीड ते तीन हजार फेऱ्यांत असतं. मोठ्या तोंडातून हवा संथ जाते, पेट्रोलचे थेंब नीट फुटत नाहीत आणि रोज लागणारा खालचा ओढा जातो. त्यापेक्षा टॅपेट, कॉम्प्रेशन, डिस्ट्रिब्युटरचा ॲडव्हान्स आणि मॅनिफोल्डची गळती आधी तपासावी. पंचवीस-तीस वर्षांच्या इंजिनात हरवलेली ताकद बहुतेक वेळा इथेच सापडते.

शेवटी एमएच-09 चा, म्हणजे नोंदणीचा प्रश्न. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही. जेट किंवा टायमिंगने तो बदलत नाही, दुसरं इंजिन बसवलं तर बदलतो. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी होतं आणि त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते. म्हणून मूळचा डबा, त्याच्या क्लिपा आणि नळ्या विकू नका. कॉन्टेसाचे सुटे भाग आता सहज मिळत नाहीत.