बोटभर गवंडी

लंडनच्या चॅरिंग क्रॉस स्टेशनात, जमिनीखाली नॉर्दर्न लाइनच्या फलाटावर, भिंतीवर एक गवंडी भेटतो. जवळजवळ माणसाएवढा. त्याच्या आगेमागे दगड फोडणारे, चुना कालवणारे, परांची बांधणारे. सुमारे 100 मीटर लांबीच्या काळ्यापांढऱ्या चित्रांत सातशे वर्षांपूर्वीचं बांधकाम चाललेलं असतं. गाडी यायला वेळ असेल तर भिंतीला अगदी नाक लावून त्यातल्या रेघा बघा. मध्ये जाड, टोकांना निमुळत्या. ना ब्रशच्या, ना पेन्सिलीच्या. मग कशाच्या?

लाकडात कोरलेल्या! चित्रकार डेव्हिड जंटलमन यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस ही माणसं लहान लहान ठोकळ्यांवर कोरली आणि त्यांचे ठसे सुमारे 20 पट मोठे करून भिंतीवर चढवले. जरा हिशेब करा. 160 सेंटिमीटरचा गवंडी ठोकळ्यावर किती? 8 सेंटिमीटर. तुमच्या बोटाएवढा! भिंतीवरची एक सेंटिमीटरची रेघ तिथे जेमतेम अर्धा मिलिमीटर.

इतकं बारीक काम लाकूड सोसतं कसं? सुताराच्या फळीवर करून बघा, पहिल्याच वळणावर कपची उडेल, कारण टोक रेषांना आडवं गेलं. पण मटणाच्या दुकानातला ओंडका आठवा. खोडाचा आडवा काप, रेषांची टोकं वर. हजारो घाव बसतात, तरी ढलपे निघत नाहीत. अठराव्या शतकाच्या अखेरीस न्यूकॅसलच्या थॉमस ब्युइकने याच आडव्या कापाचा पुस्तकांतल्या चित्रांसाठी असा काही उपयोग केला की सगळे बघत राहिले. लाकूड बॉक्सवुडचं. हे झाड इतकं सावकाश वाढतं की खोड फार जाड होतच नाही, पण लाकूड हस्तिदंतासारखं घट्ट. मोठं चित्र हवं असेल तर ठोकळे जोडा.

आता खरी गंमत. कोरणाऱ्याचा हात फारसा वळतच नाही! ठोकळा वाळू भरलेल्या चामड्याच्या उशीवर ठेवतात. उजव्या हातातलं ब्युरिन नावाचं टोकदार अवजार पुढे रेटायचं आणि डाव्या हाताने ठोकळा फिरवायचा. चाकावरच्या मातीसारखं, फिरणारं ते फिरतं, हात स्थिर. जोर वाढला की रेघ फुगते, सैल पडला की बारीक होते. भिंतीवर दिसणारं ते निमुळतेपण म्हणजे मनगटाच्या जोराची नोंदच.

आणि हे सगळं उलटं! ठशात डावं ते उजवं होतं, हे एक. दुसरं म्हणजे शाई रूळाने वरच्या सपाटीला लागते, खोदलेले चर कोरे राहतात. न कोरलेला ठोकळा छापला तर नुसता काळोख. कागदावर आपण अंधार काढतो, इथे उजेड खणून काढायचा. बोगद्याच्या स्टेशनासाठी यापेक्षा शोभेसं माध्यम कुठलं?

तसं नातं जुनंच आहे. 10 जानेवारी 1863 ला जगातली पहिली भुयारी रेल्वे पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन सुरू झाली, तीही वाफेच्या इंजिनावर! तेव्हा वर्तमानपत्रांत मजकुरासोबत फोटो छापता येत नसे. त्यामुळे बेकर स्ट्रीट स्टेशनात वरच्या झरोक्यांतून तिरपे उतरणारे उन्हाचे पट्टे घरी बसलेल्या वाचकांना दिसले ते लाकडावरच्या कोरीवकामातून. अक्षरांचे खिळे आणि ठोकळा एकाच उंचीचे, म्हणून दोन्ही एका दाबात छापले जायचे.

चॅरिंग क्रॉसचे कामगार बांधतायत तरी काय? 1290 मध्ये राजा पहिला एडवर्ड याची राणी एलिनॉर वारली. तिचं शव लंडनकडे आणताना वाटेत जिथे जिथे मुक्काम झाला तिथे राजाने एकेक क्रॉस उभारला, एकूण 12. शेवटचा चॅरिंग गावात, तेच स्टेशनाचं नाव. तो क्रॉस 1647 मध्ये पाडला. आज स्टेशनाबाहेर उभा आहे तो एकोणिसाव्या शतकातला, आणि तोही मूळ जागी नाही. खालच्या फलाटावर मात्र क्रॉसपेक्षा माणसंच जास्त, आणि मला वाटतं तेच बरोबर आहे. राजाराणीच्या गोष्टीत चुना कालवणाऱ्याला एरवी एवढी जागा कोण देतं?