चरखा आणि नातीचा लॅपटॉप

गेल्या तीन आठवड्यांपासून आमच्या वर्ध्याच्या घरात चकल्या-अनारशांपेक्षा एका वेगळ्याच पदार्थाची चर्चा जास्त चालली आहे. त्याचे नाव 'अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक'. सौ.ने हे नाव प्रथम ऐकले तेव्हा ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, जुनी सिंक गळते ती आधी दुरुस्त करा. नवी कशाला?"

खुलासा करायला पाऊण तास लागला. ही सिंक भांड्यांची नव्हे, लॅपटॉपच्या पडद्याची. नातीला नागपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला. अभ्यासाला चालेल आणि ज्यावर खेळही खेळता येतील, असा गेमिंग लॅपटॉप तिला हवा आहे. त्यासाठी मी निवृत्तीच्या ठेवीतले नव्वद हजार रुपये मोडायचे कबूल केले. तेव्हा नात म्हणाली, "आजोबा, या वेळी पडदा नीट बघून घ्या हं. दादाचं झालं तसं नको."

दादाचे काय झाले होते, ते सांगतो. त्यात माझी शोभा नाही, पण सांगायला हवे.

चार वर्षांपूर्वी थोरल्या नातवासाठी मी एका दुकानातून लॅपटॉप आणला. "काकाजी, १४४ हर्ट्झचा पडदा आहे, यापेक्षा आणखी काय पाहिजे?" असे दुकानदाराने सांगितले आणि मी पैसे मोजले. आठच दिवसांत नातू म्हणू लागला, "आजोबा, खेळताना चित्र फाटतं. ते थांबवायचं बटण दाबलं तर अडखळतं." मी बत्तीस वर्षे हायस्कुलात शास्त्र शिकवले. पोरांना 'आधी निरीक्षण, मग अनुमान' असे सांगत आलो. पण नातवापुढे मी निरीक्षण केलेच नाही. "दिवसरात्र डोळे लावून बसलास तर दुसरे काय होणार?" असे म्हणून त्याला थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. डोळे ठणठणीत निघाले. त्यानंतर नातवाने तक्रार केली नाही, आणि मी समजलो की प्रश्न मिटला!

यंदा नातीने तोच जुना लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. खेळातला गडी गर्रकन वळला आणि समोरच्या वाड्याचा खांब मधोमध तुटून वरचा भाग बोटभर बाजूला सरकलेला दिसला. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पुन्हा जुळला. पोरगा खरे सांगत होता.

मग मात्र माझ्यातला मास्तर जागा झाला. जे समजले ते वाचकांपुढे ठेवतो, कारण या दिवाळीत असा प्रश्न पडलेले आजोबा पुष्कळ असतील.

लॅपटॉपच्या पोटात दोघे कामकरी असतात. एक ग्राफिक्स कार्ड. ते चित्रे काढते. दुसरा पडदा. तो ती चित्रे दाखवतो. पडद्याची चाल घड्याळासारखी ठरलेली. साठ हर्ट्झचा पडदा सेकंदाला साठ वेळा, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी चित्र वरून खाली नव्याने रंगवतो. ही ठराविक चालीची सवय जुन्या काचेच्या पिक्चर ट्यूबपासून आलेली. ग्राफिक्स कार्डाचे मात्र तसे नाही. मोकळे मैदान असले तर चित्र चटकन होते. धूर, पाऊस, शंभर सैनिक आले की वेळ लागतो. पडदा अर्धा रंगवून झाला असताना नवे चित्र आले, तर वरचा भाग जुन्या चित्राचा आणि खालचा नव्याचा. हेच ते फाटणे.

यावर जुना उपाय 'व्ही-सिंक'. त्यात चित्राला सांगतात, पडद्याची पुढची फेरी सुरू होईपर्यंत दाराशी थांब. फाटणे बंद होते, पण समजा चित्राला १८ मिलिसेकंद लागले. गाडी एका क्षणाने चुकली! आता पुढच्या फेरीपर्यंत, म्हणजे ३३ मिलिसेकंदांपर्यंत जुनेच चित्र समोर. सेकंदाला पंचावन्न चित्रे काढू शकणारे यंत्र तीसच दाखवते. नातवाचे 'अडखळणे' ते हेच.

हे वाचताना मला आमची शाळेतली सूतकताई आठवली. आम्ही वर्ध्याची मुले. सेवाग्राम हाकेच्या अंतरावर. उजव्या हाताने चाक फिरवायचे, डाव्या हाताने पेळू ओढायचा. नवशिक्याचे सूत सारखे तुटे. चाक हातापेक्षा जोरात फिरले तर पीळ जास्त बसून सूत तुटते. मंद फिरले तर पीळच बसत नाही, तरीही तुटते. आमचे गुरुजी म्हणत, "अरे, पेळूकडे बघ आणि चाक त्याच्या चालीने फिरव." गिरणीतल्या चात्यांची चाल ठरलेली, चरख्याचे चाक मात्र हाताकडे बघून थांबते, हाताकडे बघून धावते. अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक म्हणजे नेमके हेच. पडदा आपली ठराविक चाल सोडतो आणि चित्र तयार झाले की त्याच क्षणी फेरी सुरू करतो.

मी नातीला मुद्दाम मगन संग्रहालयात नेले. १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडलेल्या त्या संग्रहालयात तऱ्हेतऱ्हेचे चरखे आहेत. एका चरख्यापुढे उभी राहून ती म्हणाली, "आजोबा, म्हणजे हा तुमचा जी-सिंक!" मी हसलो, पण मनात म्हटले, पोरीला कळले.

ही युक्ती बाजारात येऊन फार वर्षे झालेली नाहीत. एनव्हिडिया कंपनीने 'जी-सिंक' जाहीर केले २०१३ च्या ऑक्टोबरात. २०१४ च्या जानेवारीत एएमडीने आपले 'फ्रीसिंक' लास वेगासच्या प्रदर्शनात दाखवले, तेही साध्या लॅपटॉपांवर. त्याच वर्षी पडद्यांची मानके ठरवणाऱ्या 'व्हेसा' संस्थेने 'अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक' आपल्या मानकात घातले. नावे तीन, तत्त्व एक.

आता मुख्य प्रश्न. लॅपटॉप घेताना याला किती महत्त्व द्यावे?

जिथे कार्ड जबरदस्त आणि खेळ हलका, तिथे थोडेच. सेकंदाला दोनशे चित्रे निघत असतील तर फाटणे डोळ्यांना क्वचितच जाणवते. पडदा १४४ हर्ट्झचा असेल तर चुकलेल्या गाडीनंतरची पुढची गाडी सातच मिलिसेकंदांत येते, त्यामुळे अडखळणेही कमी. पण मध्यम किमतीच्या यंत्रावर भारी खेळ खेळायचा, म्हणजे चित्रे कधी पंचेचाळीस, कधी ऐंशी, अशी खालीवर होणार. अशा वेळी अ‍ॅडॅप्टिव्ह सिंकचा उपयोग सर्वांत जास्त. श्रीमंताच्या यंत्रापेक्षा आपल्या मध्यमवर्गीय यंत्रालाच त्याची गरज अधिक, ही यातली गंमत.

त्यात आपला विदर्भाचा उन्हाळा! मे महिन्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. खोलीतली हवाच तापलेली असली की लॅपटॉपचे पंखे हरतात, कार्ड स्वतःला जपण्यासाठी गती कमी करते आणि चित्रांची संख्या घसरते. तेव्हा पडद्याने सांभाळून घेतले तर बरेच. मात्र एक लक्षात ठेवावे. ही युक्ती चित्रे वाढवत नाही, आलेली चित्रे नीट मांडते. अनेक पडद्यांवर तिची हद्द ४८ हर्ट्झच्या आसपास सुरू होते. त्याखाली तेच चित्र दोनदा दाखवून काही पडदे वेळ निभावतात, पण सेकंदाला पंचवीस चित्रे निघत असतील तर कोणतीही सिंक खेळ सुधारणार नाही. म्हणून आधी कार्ड आणि थंड राहण्याची सोय, मग हा पडदा.

एवढी शिदोरी बांधून आम्ही आजोबा-नात रेल्वेने नागपूरला गेलो आणि सीताबर्डीवर तीन लॅपटॉप पाहिले. पहिल्याचे कार्ड मोठे, पण अंग पातळ आणि अर्ध्या तासात हात भाजावा असा तापणारा. उरलेल्या दोघांचे कार्ड एकच. एकाची साठवण दुप्पट, पण पडदा ठराविक चालीचा. दुसऱ्याची साठवण निम्मी, पण पडदा चित्राच्या चालीने चालणारा. दुकानदार साठवणीचे गुण गाऊ लागला. नात हळूच म्हणाली, "आजोबा, साठवण पुढे वाढवता येते. पडदा बदलता येत नाही." मला ते पटले.

तरी शेवटची परीक्षा बाकी होती. गेमिंग लॅपटॉपात बहुधा प्रोसेसरचे छोटे ग्राफिक्स आणि वेगळे मोठे कार्ड, अशी दोन्ही असतात. पडदा पुष्कळदा छोट्याला जोडलेला असतो, आणि मग मोठ्या कार्डाची जी-सिंक चालेलच असे नाही. ही जोडणी बदलणाऱ्या कळीला 'मक्स स्विच' म्हणतात. नातीने मोठे कार्ड पडद्याला जोडून एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये जी-सिंकचे पान उघडते की नाही ते पाहिले. उघडले. मग एक खेळ लावून गड्याला गरागरा फिरवले. मी खांबांकडे टक लावून बघत होतो. एकही खांब तुटला नाही.

परतीच्या गाडीत मी पुण्याला नोकरी करणाऱ्या थोरल्या नातवाला फोन लावला. म्हटले, "तुझे डोळे चांगले होते रे. पडदाच वाईट होता. तेव्हा मी ऐकले नाही."

पलीकडे क्षणभर शांतता. मग तो म्हणाला, "असू द्या आजोबा. मला सवय झाली होती."

खरे सांगतो, रागावला असता तर बरे वाटले असते. नात शेजारी नवा खोका मांडीवर घेऊन झोपली होती. चाकाने हाताकडे बघावे हे मला लहानपणी गुरुजींनी शिकवले होते. नातवाकडे बघायला मात्र मी चार वर्षे उशीर केला.

भाऊबीजेला तो घरी येतो आहे. नव्या लॅपटॉपवर पहिला डाव त्याचा, असे नातीनेच ठरवले आहे. आणि हो, मोरीतली सिंकही तोवर दुरुस्त करायची आहे!