रविवारी जाऊन सोमवारी वर्गात

जूनमधला रविवार. बडोद्यात मांजलपुरात तुळशीधामजवळच्या ताईच्या फ्लॅटमध्ये शिरतो तर भाची स्वयंपाकघराच्या चौकटीला लोंबकळते आहे. चौकटीवर जेमतेम बोटभर रुंदीची पट्टी. तिच्यावर आठ बोटांची टोकं रोवलेली, अंगठे मोकळे, पाय मागे दुमडलेले. ताई तिच्या बाजूने अंग चोरून सेवउसळीचं पातेलं बाहेर आणते. सवयीनं. चौकटीच्या वरच्या कडेला पांढऱ्या चॉकचे ठसे आहेत. रंग दिला तरी महिन्याभरात परत उमटतात, ही भावजींची कायमची तक्रार.

आज कॉलेज ठरायचंय. पोरीला भूशास्त्र शिकायचंय आणि कडे चढायचेत. तिच्या लेखी ही दोन कामं नाहीतच.

"भूशास्त्र आपल्या सयाजीराव विद्यापीठात आहे की," भावजी म्हणतात. "घरचं जेवून जाशील."

"आणि कडा?"

"पावागड काय लांब आहे? ५० किलोमीटर."

पावागडचं नाव काढल्यावर ती खाली उतरते. पावागडचा दगड तिला पाठ आहे: खाली बेसॉल्ट, माथ्यावर ऱ्हायोलाइट. "दगड चांगलाय हो बाबा. पण दर रविवारी माझ्याबरोबर येणार कोण? बिले कोण देणार, खालून दोर कोण धरणार? यात्रेकरू?"

यावर भावजींकडे उत्तर नाही. माझ्याकडेही नाही. आमचं शहर सपाट, चढ म्हटला की आम्हाला लालबागचा पूल आठवतो. पावागडच्या डोंगरातून आमच्याकडे नेमानं येते ती एक विश्वामित्री, आणि तीही पावसाळ्यात नको तितकी. पोरीला हा नाद लागला तो माउंट अबूला, स्वामी विवेकानंद गिर्यारोहण संस्थेच्या सुट्टीतल्या वर्गात. तिथल्या ग्रॅनाइटनं बोटं सोलून आली आणि घरी येताच चौकटीला लटकली.

जमिनीवर नकाशा पसरला जातो. चार कोपऱ्यांवर चार वाट्या. मुंबईला सेंट झेवियर्स, तिथं भूशास्त्र आहे. बेलापूरचे कातळ आहेत, १९५४ पासूनचा गिरिविहार क्लब आहे. "आणि राहायची जागा?" ताई विचारते. मुंबई तिथंच संपते. बदामीचा लाल वालुकाश्म फोनवर दाखवताना पोरीचे डोळे चमकतात, पण बदामीला सुट्टीत जायचं असतं, शिकायला नाही. कॉलेजं पाहून झाली की ती नकाशावर बोटानं मोजते: होस्टेलपासून कड्यापर्यंत किती तास. मला हे मोजमाप आवडतं. कडा केवढा उंच यापेक्षा रविवारी चढून सोमवारी पहिल्या तासाला बसता येतं का, हे महत्त्वाचं. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या बोल्डरला पोरं याच हिशेबानं जातात म्हणे, तिथं कातळ विद्यापीठाच्या उशालाच आहेत.

बोट पुण्यावर थांबतं. फर्ग्युसन, १८८५ चं. भूशास्त्र आहे, पाठीमागे टेकडी आहे, सिंहगड ३० किलोमीटर. सकाळची लोकल धरली की दीड तासात लोणावळा, पुढे कुरवंडे, आणि समोर नागफणीचा कडा. आणखी आत तैलबैलाच्या दोन भिंती. "आणि माणसं, बाबा! १९८२ पासून गिरिप्रेमी आहे तिथं. २०१२ ला एव्हरेस्टला जाऊन आलेत."

"पावसाचे चार महिने काय करणार?" मी मुद्दाम खवचटपणे विचारतो. ओल्या, शेवाळलेल्या बेसॉल्टवर कुणी शहाणा चढत नाही, आणि कॉलेज नेमकं पावसात सुरू होतं.

"अभ्यास," ती म्हणते. ताईला हसू आवरत नाही.

भावजींच्या मनात अजून इंजिनीअरिंग आहे. महाराष्ट्रातल्या त्या प्रवेशाच्या नियमांत बेळगावकडच्या सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी तरतूद आहे, आम्हा बडोदेकरांसाठी नाही. हे ते मला दरवेळी नव्यानं सांगतात. झोपाळ्यावरून आजी म्हणतात, "तुझे पणजोबा पुण्याहून इथं नोकरीला आले. तू उलटी निघालीस."

"दगड कुठला धरायचा, ते कळतं गं तुला?" भावजी मूळ भीतीवर येतात. ती बोलत नाही. आतून हार्नेस आणते आणि बर्मुड्यावरून बाबांच्या कमरेला चढवते, पट्टे ओढते, कॅराबिनर लावून बिले डिव्हाइस अडकवते, दोर त्यातून घालते. दुसऱ्या टोकाला इंग्रजी आठाची गाठ मारून स्वतःला बांधून घेते.

"उजवा हात खाली. मूठ बंद. मी पडले तर दोर हा हात धरतो. काहीही झालं तरी सोडायचा नाही."

"काहीही म्हणजे?"

"माशी नाकावर बसली तरी."

ती दोन पावलं मागे सरकून अंगाचा भार दोरावर टाकते. भावजी जागच्या जागी फूटभर पुढे ओढले जातात, टाचा रोवतात, मूठ मांडीशी घट्ट. सेवउसळीवरची शेव मऊ पडते आहे. दाराची बेल वाजते. सोसायटीचा मेंटेनन्स मागायला कुणीतरी आलंय.

ताईचे हात उसळीत. ती नजरेनंच नवऱ्याला खुणावते.

"तूच उघड गं," भावजी दोरावरची नजर न हलवता म्हणतात, "माझा हात मोकळा नाहीये."