विश्लेषण : लोणावळ्याची माती ज्वालामुखीची, मग ती राखेची का नाही?

पावसाळ्यात खंडाळा घाटात डोंगरावरून वाहून येणारी माती तांबडी असते. त्याच पुणे जिल्ह्यात सुमारे सव्वाशे किलोमीटर पूर्वेला, बारामती तालुक्यातील मोरगाव-सुपे परिसरात ती काळी किंवा करडी आणि चुनखडीची होते. दोन्ही ठिकाणी खालचा खडक एकच आहे, तो म्हणजे ज्वालामुखीतून आलेला काळा पाषाण. मग मातीत एवढा फरक कशामुळे? ज्वालामुखीची माती म्हणजे राखेची सुपीक माती, हा समज मावळाला लागू होतो का? भातशेतीपासून डोंगरउतारावरच्या बंगल्यांपर्यंत अनेक गोष्टी या उत्तराशी जोडलेल्या आहेत.

सह्याद्रीत ज्वालामुखी होता, मग राख कुठे गेली?

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून लाव्हा बाहेर आला. हा लाव्हा पातळ होता. शंकूच्या आकाराचा डोंगर फुटून आकाशात राखेचा लोट उडावा, असे इथे क्वचितच घडले. लाव्हा पसरला, थिजला, त्यावर पुढचा थर आला. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर हे थर आहेत. त्यांना 'दख्खन ट्रॅप' म्हणतात. भूवैज्ञानिकांनी या थरांच्या वर्गवारीत सह्याद्रीतील गावांची नावे वापरली आहेत. त्यात 'खंडाळा' आणि 'बुशे' हे थर 'लोणावळा उपगटा'त मोडतात.

थोडक्यात, मावळाची माती राख साचून झालेली नाही. कठीण बेसॉल्ट खडक ऊन-पावसात कुजून ती तयार झाली आहे. घाटातल्या कातळात दोन काळ्या थरांमध्ये कधीकधी विटकरी रंगाचा पट्टा दिसतो. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात लाव्हाचा पृष्ठभाग कुजून तो बनला. काही ठिकाणी त्यात राखेचाही अंश असावा, असे अभ्यासक मानतात.

राखेची खरी माती कशी असते?

जपान, इंडोनेशिया, हवाई बेटे या भागांत ती सापडते. मृदाशास्त्रात तिला 'अँडिसोल' म्हणतात. 'काळी माती' या अर्थाच्या जपानी शब्दावरून हे नाव आले. ही माती हातात घेतली तर हलकी आणि भुसभुशीत लागते. राखेतील काचेचे बारीक कण कुजून 'अ‍ॅलोफेन' नावाचे खनिज तयार होते. ते स्पंजासारखे पाणी धरते. सेंद्रिय द्रव्यही त्यात टिकते. तिचा एक दोषही आहे. स्फुरद खत टाकले की ही माती ते घट्ट पकडून ठेवते आणि पिकाला सहज मिळू देत नाही.

कमी पावसाच्या कुरणात मात्र हीच राख वेगळी वागते. टांझानियातील सेरेंगेटीचे आखूड गवताचे मैदान राखेच्या मातीवर आहे. तिथे पाऊस कमी असल्याने क्षार आणि चुना धुऊन जात नाहीत. काही फुटांखाली त्यांचा कडक थर बनतो. झाडांची मुळे तो भेदू शकत नाहीत, गवत मात्र जोमाने येते. त्या गवतात खनिजे भरपूर असल्याने विल्डबीस्टचे कळप विण्यासाठी तिथेच येतात.

पुणे जिल्ह्यात राख कुठेच नाही?

आहे. पण ती सह्याद्रीची नाही. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीकाठी बोरी गावात गाळाच्या थरांमध्ये ज्वालामुखीच्या राखेचा पट्टा आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी १९८० च्या दशकात त्यावर काम सुरू केले. कऱ्हा नदीकाठी मोरगावलाही अशी राख आढळली. राखेच्या रासायनिक जडणघडणीवरून ती तीन हजारांहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या, सुमात्रा बेटावरील तोबा ज्वालामुखीची असल्याचे दिसले.

वाद आहे तो तिच्या वयावर. काही चाचण्यांत ती सुमारे १४ लाख वर्षे जुनी ठरली, काहींत साडेसहा लाख, तर अनेकांच्या मते ती सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या तोबाच्या महाउद्रेकातील आहे. या थराच्या परिसरात अश्मयुगीन दगडी हत्यारे सापडली असल्याने राखेचे वय हा भारतातील मानवी वस्तीच्या इतिहासाचाही प्रश्न आहे.

एकाच खडकातून तांबडी आणि काळी माती कशी?

याचे उत्तर पावसात आहे. लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. मोरगाव-सुपे भागात तो सुमारे ५०० मिलिमीटरवर येतो.

भरपूर पावसात खडकातील कॅल्शियम, मॅग्नेशियम आधी धुऊन जातात. नंतर सिलिकाही जाते. मागे राहतात लोह आणि अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडे. लोहामुळे माती तांबडी होते, आम्लधर्मी होते. ही प्रक्रिया टोकाला गेली की जांभा बनतो.

कमी पावसात कॅल्शियम जागेवर राहते. त्यातून फुगणारी चिकणमाती तयार होते. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. हीच ती काळी, कापसाची जमीन. सुप्याच्या माळावर मातीचा थर पातळ, त्याखाली मुरूम आणि चुनखडी. तिथे कुसळी, मारवेलसारखी गवते तग धरतात. मयूरेश्वर अभयारण्यातील चिंकारा याच माळावर जगतात.

अर्थात निसर्गात रेघ आखलेली नसते. सह्याद्रीच्या काही भागांत जास्त पावसातही काळी माती आढळते. बेसॉल्टच्या पोकळ्यांमध्ये झिओलाइट नावाची खनिजे असतात. ती हळूहळू कॅल्शियम पुरवत राहतात आणि माती पूर्ण तांबडी होऊ देत नाहीत, असे मृदाशास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे.

मावळातल्या शेतकऱ्याला याचा उपयोग काय?

वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात विकसित झालेला 'इंद्रायणी' भात १९८७ मध्ये प्रसारित झाला. आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून तो तयार केला. डोंगरातून धुऊन आलेली बारीक माती खाचरांच्या बांधांनी अडते, म्हणून इथे भात पिकतो.

इथली माती राखेची नसली तरी शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या तिच्यात राख घालत आला आहे. उन्हाळ्यात शेण, पाला, काटक्या पसरून 'राब' भाजतात आणि त्या जागी रोपे टाकतात. त्यामुळे तणाचे बी जळते, राखेतून पालाश मिळते आणि आम्लता थोडी कमी होते. मात्र राबासाठी झाडे छाटावी लागतात. त्यावर डॉ. ना. कृ. सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीत भाताच्या तुसाची राख रोपवाटिकेत मिसळण्याचा उपाय आहे. तुसात सिलिका भरपूर असते. म्हणजे पावसाने मातीतून जे धुऊन नेले, तेच भाताला परत दिले जाते.

मग धोका कुठे आहे?

उतारावर. खाली कठीण, पाणी न शोषणारा कातळ आणि वर कुजलेला मुरूम व माती, अशी सह्याद्रीच्या अनेक उतारांची रचना आहे. मुसळधार पावसात पाणी मातीतून झिरपते आणि कातळावर अडते. मातीचे वजन वाढते, कणांमधला पाण्याचा दाब वाढतो, पकड सुटते. उताराचा पायथा रस्त्यासाठी किंवा बांधकामासाठी कापलेला असेल, तर वरच्या मातीचा आधारच गेलेला असतो.

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले. दीडशेहून अधिक जणांचा मृत्यू झाला. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ही वाडी लोणावळ्याच्या घाटाखालच्या बाजूलाच आहे.

जागा घेताना, राहताना काय पाहावे?

- उतारावर नव्या भेगा पडल्या आहेत का? झाडे किंवा विजेचे खांब कलले आहेत का?
- नेहमीचा झरा अचानक गढूळ झाला किंवा नवीन ठिकाणी पाणी फुटले का?
- घरामागचा उतार उभा कापला आहे का? पाणी वाहून जायला चर आणि भिंतीला निचऱ्याची भोके आहेत का?
- प्लॉट भर टाकून सपाट केला आहे का? भरीची माती मूळ जमिनीइतकी घट्ट नसते.

यातील भेगा किंवा गढूळ झरा पावसाळ्यात दिसला, तर आधी ती जागा सोडावी आणि तलाठी किंवा तहसील कार्यालयाला कळवावे.

एक इंच माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. राखेच्या प्रदेशात नव्या उद्रेकाने नवी राख पडू शकते. सह्याद्रीतला ज्वालामुखी केव्हाच विझला आहे. त्यामुळे मावळाच्या उतारावरून जी माती गेली, ती भरून काढायला वरून काही येणार नाही.