दाढेचा दावा

ज्या विमापत्राच्या आधारे हृदयाची शस्त्रक्रिया रोकड न मोजता पार पडते, त्याच विमापत्राने किडलेल्या दाढेपुढे मात्र एकाएकी हात वर करावेत, हा अनुभव पुष्कळांना दाढ ठणकू लागल्यावरच येतो. नाशिकच्या पंचवटीत मुंबई-आग्रा महामार्गालगत महात्मा गांधी विद्यामंदिराचे कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. तेथे केसपेपर काढावयास आलेल्यांपैकी ज्यांच्या घरी पाच लाखांचा आरोग्यविमा आहे, त्यांनाही उपचाराचे शुल्क बहुधा स्वतःच्याच खिशातून भरावे लागते. अशा वेळी विमा कंपनीने फसवले असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु विमापत्राचा मसुदा समोर घेऊन बसले, तर आपणच विम्याकडून भलती अपेक्षा बाळगली होती, असे बहुतेक वेळा दिसून येते.

१९८६ साली सरकारी मालकीच्या चार विमा कंपन्यांनी ‘मेडिक्लेम’ आणले, तेव्हापासून आपल्याकडील आरोग्यविमा मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्याच्या शर्तीवर चालत आला आहे. रोगी निदान चोवीस तास दाखल असावा, अथवा मोतीबिंदूसारखी एका दिवसात आटोपणारी शस्त्रक्रिया ‘डे केअर’मध्ये बसावी, असा तो दंडक. दाढेचा रोगी मात्र सकाळी खुर्चीत बसतो, भुलेची सुई घेतो, यंत्राची घरघर मुकाट्याने सोसतो आणि तासाभरात गालाला रुमाल लावून रिक्षाने घरी जातो. शिवाय वगळलेल्या बाबींच्या तपशिलात दंतोपचाराचे स्वतंत्र कलम बहुधा असतेच. अपघाताने झालेली आणि रुग्णालयात दाखल होणे भाग पाडणारी इजा सोडून दातांचा कोणताही उपचार देय नाही, अशा आशयाचे ते असते.

या कलमामागे विम्याचे शास्त्र आहे. गोदाकाठच्या दुकानदाराने मालाचा पुराविरुद्ध विमा उतरवावा हे रास्त, कारण पाणी नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत चढेल की गळ्यापर्यंत, आणि कोणत्या वर्षी, हे कोणासच सांगता येत नाही. पण श्रावणात दुकानाचा ओटा ओला होईल, याचा विमा कोण उतरवील? दाताची कीड ही त्या ओल्या ओट्यासारखी आहे. जी बहुतेकांना व्हावयाचीच, जिचा खर्च तुलनेने आटोपशीर, आणि जिच्या उपचाराची वेळ रोगी बऱ्याच अंशी स्वतः ठरवू शकतो, तिचा विमा म्हणजे आपलेच पैसे, कंपनीच्या कारभाराचा खर्च वजा जाता, आपण परत घेणे होय. ब्रिटनने १९४८ साली दंतोपचार मोफत केले, तेव्हा कवळ्यांसाठी अशी झुंबड उडाली की खर्चाचे अंदाज कोलमडले. पुढे १९५१ साली कवळ्यांवर व चष्म्यांवर आकार बसवण्याचे ठरले आणि त्या प्रश्नावर ही मोफत सेवा उभारणाऱ्या अन्यूरिन बेव्हन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

अलीकडे ‘ओपीडी’ खर्चाची अथवा दातांची जोड दिलेली विमापत्रे मिळतात, व त्यांच्या जाहिरातींतील मंडळींचे दात पाहता त्यांना विम्याची गरज का भासावी, असा प्रश्न पडतो. अशा विमापत्रांचा हिशेब एकदा कागदावर मांडावा. समजा, या जोडीसाठी वर्षाला तीन हजार रुपये जादा हप्ता आहे, वार्षिक मर्यादा पाच हजारांची आहे आणि प्रत्येक बिलात वीस टक्के वाटा आपला आहे. रूट कॅनॉलला पाच हजार आणि वर बसवावयाच्या कॅपला सहा हजार, असे अकरा हजारांचे बिल झाले. आपला वाटा वजा जाता आठ हजार आठशे उरतात, पण मर्यादेमुळे हाती येतात पाचच हजार. हप्ता धरता त्या वर्षी दोन हजारांचा फायदा झाला खरा, परंतु मागची दोन वर्षे दाढ दुखली नसेल तर कंपनीकडे एकूण नऊ हजार जमा होऊन पाच परत आलेले असतात. त्यातही प्रतीक्षेची मुदत, ठराविकच दवाखान्यांचे बंधन, आणि दात शुभ्र करणे वा वेड्यावाकड्या दातांना तारा बसवणे यांस बहुधा नकार. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरील अठरा टक्के वस्तू व सेवा कर उठला, हा दिलासा खरा. पण वरच्या वजाबाकीचे स्वरूप त्याने पालटत नाही.

अमेरिकेत दंतविम्याचा आरंभ १९५४ साली पश्चिम किनाऱ्यावरील गोदी कामगारांच्या मुलांसाठी झाला. तेथे आजही तपासणी व सफाई पूर्ण, भरणे ऐंशी टक्के आणि कॅपसारखी मोठी कामे निम्मी, असा सर्वसाधारण परिपाठ असून वार्षिक मर्यादा पुष्कळदा हजार-दीड हजार डॉलरांचीच असते. तिकडे स्थायिक झालेली मराठी मुले सुटीत घरी आली की देवदर्शनाबरोबर दातांचीही कामे उरकून घेतात, ती काय उगाच?

मग विम्याचा खरा उपयोग कोठे? दुचाकीवरून पडून जबडा मोडला व रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तर तेथे. १ एप्रिल २०२० पासून सुरू झालेल्या ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित विमापत्रात रोगामुळे वा इजेमुळे आवश्यक ठरलेल्या दंतोपचाराची तरतूद आहे, मात्र दाखल होण्याची शर्त व पाच टक्के स्वतःचा वाटा राहतोच. मिश्री-तंबाखूने तोंडात बरी न होणारी जखम झाली आणि तिचा तुकडा तपासून कर्करोग निघाला, तर तो दंतोपचाराच्या खात्यात न पडता कर्करोगाच्या खात्यात पडतो. म्हणून दातांचा विमा नाही या समजुतीने घरी बसून राहण्यासारखी चूक नाही.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत दरमहा एकवीस हजारांपर्यंत वेतन घेणाऱ्या कामगाराच्या पगारातून कर्मचारी राज्य विम्यासाठी पाऊण टक्का कापला जातो. त्या योजनेत दात तपासणे, काढणे व भरणे हेही वैद्यकीय सेवेतच मोडते. तरीही कित्येक कामगार खाजगी दवाखान्यात पैसे मोजून येतात, याचे मला नवल वाटते. ज्यास असा आधार नाही त्याने दातांसाठी दरमहा थोडी रक्कम टपालाच्या आवर्ती ठेवीत टाकावी आणि दंत महाविद्यालयाची वाट धरावी. अशा शिक्षणसंस्थांत शुल्क खाजगीपेक्षा बेताचे असते. विद्यार्थी काम करतो, प्रत्येक टप्प्यावर अध्यापक तपासून सही करतात, आणि म्हणून जेथे खाजगीत दोन खेपांत भागते तेथे चार-पाच खेपा घालाव्या लागतात.

अपघाताचा रास्त दावा नामंजूर झाल्यास कोणत्या कलमान्वये, ते कंपनीकडून लेखी मागावे. समाधान न झाल्यास, अथवा तीस दिवसांत उत्तरच न आल्यास, विमा लोकपालाकडे अर्ज करता येतो. नाशिककरांसाठी ते कार्यालय पुण्यास आहे, त्यास शुल्क नाही व वकिलाचीही गरज नाही. मात्र रुग्णालय सोडतानाच डिस्चार्ज कार्ड वाचून पाहावे. अपघाताचा उल्लेख, दाखल करण्याचे कारण आणि एक्स-रे यांची नोंद त्यावर असावी. नुसते ‘दोन दात काढले’ एवढेच लिहिले असेल, तर डॉक्टरांकडून तेथेच दुरुस्ती करून घ्यावी.