विश्लेषण : चूक ‘एआय’ची, जबाबदारी कोणाची?

उल्हासनगरच्या कपडे व्यापाऱ्याला जाहिरातीसाठी आता मॉडेल लागतेच असे नाही. बदलापूरच्या गृहप्रकल्पातील उद्यान बांधण्याआधीच चित्रात फुलते. अंबरनाथ एमआयडीसीतील लघुउद्योजक परदेशी ग्राहकाला पाठवायचे पत्र कृत्रिम बुद्धिमत्तेकडून, म्हणजे ‘एआय’कडून, लिहून घेऊ शकतो. काम स्वस्तात होते. पण चुकले तर?

वेगळा कायदा आहे का?

नाही. केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलेली ‘एआय’विषयक मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक नाहीत. मात्र ग्राहक संरक्षण, करार, कॉपीराइट, रेरा हे कायदे लागू आहेतच. कायद्याच्या लेखी ‘एआय’ ही व्यक्ती नाही. त्यामुळे उत्तर द्यावे लागते ते वापरणाऱ्याला.

जाहिरातीत धोका कोणता?

गायक अरिजित सिंह यांच्या आवाजाची ‘एआय’द्वारे नक्कल करण्यास मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अंतरिम मनाई केली. कलाकाराचा चेहरा किंवा आवाज विनापरवाना वापरणाऱ्या दुकानदारालाही अशा दाव्याला तोंड द्यावे लागू शकते. फसव्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायद्यानुसार १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. जाहिरातीतील खोट्या माहितीवर विसंबून नुकसान झालेल्या घर खरेदीदाराला रेरा कायद्याच्या कलम १२ नुसार भरपाई मागता येते.

कारखान्यांचे काय?

ग्राहकाचे ड्रॉइंग किंवा रसायनाचा फॉर्म्युला मोफत ‘एआय’ सेवेत टाकला, तर गोपनीयतेच्या कराराचा भंग होऊ शकतो. कामगारांची चेहरा ओळखून हजेरी घेतली, तर तो डेटा सांभाळणेही आले. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार सुरक्षेतील कसुरीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यातील मुख्य तरतुदी मे २०२७ पासून लागू होणार आहेत.

न्यायालयाची भूमिका काय?

अस्तित्वातच नसलेल्या निकालांचा आधार घेतलेला प्राप्तिकर आकारणीचा एक आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये रद्द केला. यंत्राने दिलेली माहिती पडताळूनच वापरावी, असे न्यायालयाने बजावले. जीएसटी नोटिशीला ‘एआय’कडून उत्तर लिहून घेणाऱ्यांनाही हा धडा लागू पडतो.

काय करावे?

कोणती माहिती ‘एआय’ला द्यायची नाही, याची यादी कार्यालयात लावावी. जाहिरात, करार आणि सरकारी उत्तर बाहेर जाण्यापूर्वी तपासणारी एक व्यक्ती नेमावी. सेवा पुरवठादाराशी डेटाबाबत लेखी करार करावा. छोट्या उद्योगाकडे विधि विभाग नसतो. कागदावर सही मात्र मालकाचीच असते.